महानायकांचे मामा

चित्रपट संपला की घरी जायचे असते, अशी समजूत बाळगून मोठ्या झालेल्या माणसाने महानायकांच्या, म्हणजे सुपरहिरोंच्या, चित्रपटाला जाऊ नये. खलनायक गारद होतो, जग वाचते, दिवे लागतात, झाडूवाला आत येतो, तरीही माझा भाचा खुर्चीचे हात घट्ट धरून बसून राहतो. कारण पडद्यावर सरकणाऱ्या शेकडो नावांच्या पलीकडे आणखी एक प्रसंग असतो आणि त्यात पुढच्या चित्रपटाची वर्दी दिलेली असते. बाहेर एप्रिलचे सोलापूर 42 अंशांवर तापलेले असल्यामुळे वातानुकूलित सभागृहातल्या या जादा मिनिटांबद्दल माझी तक्रार नसते. पण आपण तिकीट काढून जाहिरात पाहत आहोत, ही जाणीव त्या गारव्यातही पाठ सोडत नाही.

ही सवय लावणाऱ्यांचा मी नाइलाजाने अभ्यास केला आहे, कारण ज्याच्याकडून आपण लुटले जातो त्याची निदान ओळख तरी असावी. मार्व्हल ही मुळात चित्रकथा छापणारी कंपनी. 1996 मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली आणि पुढे पोटासाठी घरचे नायक चित्रपटांकरिता परक्यांच्या हवाली केले. त्यात स्पायडर-मॅन सोनीकडे गेला. मग 2005 मध्ये स्वतःच चित्रपट काढायचे ठरवून तिने 52.5 कोटी डॉलरच्या कर्जाची सोय केली आणि तारण म्हणून उरलेल्यांपैकी दहा पात्रांचे चित्रपटहक्क ठेवले. आमच्या जिल्ह्यात सातबारा गहाण पडतो; तिथे कॅप्टन अमेरिका, डॉक्टर स्ट्रेंज आणि अँट-मॅन गहाण पडले. हप्ते थकले असते, तर मुंगीएवढा होणारा माणूस लिलावात कोणी किती बोलीने घेतला असता, हे पाहण्याची संधी जगाने गमावली. कारण 2008 मध्ये ‘आयर्न मॅन’ आला, त्याने 58 कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला, आणि त्याच्या नामावलीनंतर डोळ्यावर पट्टी बांधलेला एक गृहस्थ अंधारातून पुढे येऊन आणखीही महानायक असल्याचे सूचित करून गेला. पुढच्याच वर्षी डिस्नेने सुमारे 400 कोटी डॉलर मोजून ही सगळी मंडळी आपल्या घरी नेली. तो पट्टीवाला गृहस्थ माझ्या खिशाविषयी बोलत होता, हे मला तेव्हा कळले नाही.

पूर्व भागात यंत्रमाग चालवणारे माझे एक स्नेही आहेत. हा हिशेब मी त्यांना सांगितला, तेव्हा त्यांनी बराच वेळ मागांचा खडखडाट ऐकला आणि म्हणाले, “आमची चादर फाटत नाही की ओ, तिथेच आमचं चुकलं.” त्यांचे म्हणणे मला पटले. सोलापुरी चादर लग्नात आली, तर नातवंडांच्या पांघरुणापर्यंत टिकते, आणि तिच्या काठावर ‘उरलेली नक्षी पुढच्या चादरीत’ असे काही विणलेले नसते. 2019 चा ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ मात्र तीन तासांचा असूनही स्वतंत्रपणे पांघरता येत नाही; आधीचे वीसहून अधिक चित्रपट पाहिल्याखेरीज कोण कोणासाठी रडते आहे, हे समजत नाही. एवढी पूर्वतयारी आमच्या विद्यापीठाच्या पदवीलाही लागत नसावी. तरी जगाने त्याच्यावर 279 कोटी डॉलर उधळले. त्यात आमच्या दोन तिकिटांचा वाटा आहे. पॉपकॉर्नचा नाही, कारण ते पैसे थिएटरवाल्याचे असतात आणि तो ते एखाद्या खलनायकाला शोभेल अशा निर्धाराने वसूल करतो.

पुढे प्रकरण घरात शिरले. 2022 मध्ये डॉक्टर स्ट्रेंजचा चित्रपट पाहताना, ही लाल कपड्यांतली बाई सगळ्यांवर एवढी का चिडली आहे, असे मी हळूच विचारले. “मामा, तू ती मालिका नाही पाहिलीस?” असे भाचा ज्या स्वरात म्हणाला, त्याने पुढच्या रांगेतली दोन माणसे मागे वळून पाहू लागली. ती मालिका मोबाइलवर होती, तिला वर्गणी होती, आणि वर्गणी भरायला मामा होता. “दादा, लाडावून ठेवलायस त्याला,” असे म्हणून बहिणीने त्याच वर्गणीवर स्वतःची मालिका लावली.

2023 मध्ये ‘द मार्व्हल्स’ साधारण 20 कोटी डॉलरवरच आटोपला, लोक कंटाळल्याच्या बातम्या आल्या, आणि मला सुटकेची आशा वाटू लागली. पण चित्रपट पडला, तरी चेहरा विकता येतो, ही या धंद्याची खरी हुशारी आहे. स्पायडर-मॅनचे चित्रपट सोनी काढते आणि त्याच्या खेळण्या-दप्तरांचे हक्क डिस्नेकडे आहेत, म्हणजे एकाच कोळ्याच्या जाळ्यात दोन घरांचा संसार चालतो. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी नवी पेठेत दप्तर घ्यायला गेलो, तेव्हा या व्यवहारातला तिसरा भागीदारही भेटला. दुकानदाराने पुढे केलेल्या दप्तराच्या एका बाजूला स्पायडर-मॅन होता आणि दुसऱ्या बाजूला बॅटमॅन, जो मुळात डीसी या प्रतिस्पर्धी घरातला. अमेरिकेतल्या वकिलांच्या फौजांना जे जमले नाही, ते एका चेनमध्ये जमवलेले पाहून माझा ऊर भरून आला. शिवाय या दप्तराचा एक पैसाही कोणत्याही कंपनीकडे पोहोचणार नाही, याची त्याच्या शिलाईवरून खात्री पटत होती.

“दोन हिरो एका भावात, घ्या की ओ मालक,” दुकानदार म्हणाला.

भाच्याने दप्तर उलटसुलट करून पाहिले आणि खाली ठेवले. “हे दोघे एका विश्वात नसतात,” तो म्हणाला.

दुकानदाराने दप्तर उचलले, बॅटमॅनची बाजू भिंतीकडे केली, “आता बघ की रे,” म्हणाला, आणि माझ्याकडून पूर्ण पैसे घेतले.