छतावरचा जिल्हा

आमच्या माजघराच्या छताला ओल धरली त्याला यंदा नऊ वर्षं झाली. पहिल्या पावसाळ्यात ती रुपयाएवढी होती, दुसऱ्यात पुरीएवढी. तिसऱ्यात तिला आकार आला. मुलगा तेव्हा तिसरीत होता आणि तिसरीला आपल्या जिल्ह्याचा भूगोल असतो. सतरंजीवर उताणा पडून अभ्यास करताना तो एकदम ओरडला, "पप्पा, ही बघा राधानगरी!"

त्या दिवसापासून त्या ओलीचं नाव 'जिल्हा' पडलं. दर पावसाळ्यात एखाददुसरा तालुका जोडला जायचा. करवीर आणि कागल तर आधीपासूनच होते, भुदरगड पंख्यापर्यंत आला, आजरा पंख्यापलीकडं गेला, गेल्या वर्षी ट्यूबलाइटपाशी गडहिंग्लज झालं. बारापैकी अकरा भरले होते. चंदगड तेवढा राहिला होता.

आता खरं सांगायचं तर मी बँकेत कारकून आहे आणि घरदुरुस्तीच्या कर्जाच्या फायली माझ्याच टेबलावरून पुढं जातात. लोकांच्या गळक्या स्लॅबचे फोटो मी गंभीर चेहरा करून बघतो. "वेळेत लक्ष द्यायला पाहिजे होतं हो," असंही म्हणतो. मग संध्याकाळी घरी येऊन जिल्ह्याखाली बसून चहा पितो.

पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर सकाळी उठलं की एकच विचारतं, पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला किती फूट? 39 ला इशारा, 43 ला धोका. हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. आमच्या घरात त्याच्या जोडीला बादलीची पातळी असते. पाणी कडीच्या भोकाजवळ आलं की इशारा, काठाला टेकलं की धोका. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की कुणाला न विचारता उघडतात. आमची बादलीही तशीच, रात्री अडीच वाजता कुणाला न विचारता सुटते आणि विसर्ग सोफ्याच्या दिशेनं होतो.

2019 च्या ऑगस्टात पंचगंगा शहरात शिरली तेव्हा आम्ही मंगळवार पेठेत कोरडे होतो. आत्या शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीजवळ राहते. तिच्या घरात कमरेएवढं पाणी आलं म्हणून ती आमच्याकडं आली. अंथरूण अर्थातच माजघरात, घरातली सगळ्यात ऐसपैस जागा तीच. दुसऱ्या रात्री तिच्या कपाळावर टपकन थेंब पडला. ती उठून बसली, वर बघितलं आणि म्हणाली, "आरं, खालनं पाणी आलं म्हणून पळून आलो. आता वरनं आलंय, कुठं पळू?"

इतकं होऊनही मी गच्ची का तपासली नाही, असं कुणालाही वाटेल. तपासायचा काळ मला चांगला माहीत आहे. मार्च ते मे, सगळं खडखडीत वाळलेलं असताना. अडचण एवढीच की त्या काळात गच्ची आमची नसते. मार्चमध्ये तिथं कुरडया येतात, मागोमाग सांडगे. एप्रिलपासून पुढं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मिरची. वर्षाची चटणी घरात पडल्याशिवाय आईला झोप येत नाही. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला आणि थोडी लवंगी खाणाऱ्याचा माज उतरवायला. एका एप्रिलमध्ये मी भेग शोधायला म्हणून वर गेलो आणि ओल्या कुरडईवर पाय दिला. त्याचा उल्लेख आमच्यात लग्नकार्यात अजून निघतो.

मिरची डंकावर कांडायला गेली की मृग दारात. मृगापासून दिवाळीपर्यंत पाऊस, त्यात कोण वर जातंय? आणि दिवाळीनंतर जिल्हा वाळून फिकट पिवळा पडतो, गरिबासारखा गप्प राहतो. गप्प बसलेल्याला उगाच कशाला छेडायचं?

यंदा मेच्या शेवटच्या आठवड्यात वळीव आला. आभाळ काळं झालं तशी आईची आरोळी आली, "मिरचीऽऽ!" आमच्या घरात आग लागली तरी एवढी धावपळ व्हायची नाही. मी, बायको, मुलगा, शेजारच्या वहिनी, सगळे वर. चादरींची टोकं धरून गाठोडी बांधली आणि जिन्यावरून खाली धाव. तिसऱ्या फेरीला मी घोटाभर पाण्यात उभा होतो. घोटाभर पाण्यात! आणि माझ्या डोक्यात विचार कुठला, तर लवंगीचं गाठोडं राहिलं का हा. गच्चीत घोटाभर पाणी साचायचं कारण काय, हे विचारायची अक्कल चौघांतल्या एकालाही झाली नाही.

मिरची वाचली. अर्ध्या तासानं माजघरात धप्पकन आवाज झाला आणि चंदगड कॅरमवर पडला.

ताटाएवढा पोपडा. वर बघितलं तर दोन सळ्या उघड्या, गंजून तांबूस झालेल्या. मुलगा म्हणाला, "जिल्हा पूर्ण झाला."

दुसऱ्या दिवसापासून गल्लीनं माझं घर वाटून घेतलं. कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर मी नुसतं 'पोपडा' म्हणालो आणि सात जण सरसावून बसले. एक म्हणाला डांबर ओत. दुसरा म्हणाला डांबर उन्हात तडकतं, चिनी मोझॅक मार. तिसऱ्यानं सगळ्यांना वेड्यात काढलं, "भावा, सरळ वर पत्रा घाल. विषय कट!" चौथा आयुष्यभर भाड्याच्या घरात राहिलेला, त्याचा आवाज सगळ्यांत मोठा. मग फोनवर कुणीतरी वॉटरप्रूफिंगवाला धाडला. तो पांढरा शर्ट घालून आला, गच्ची मोबाइलनं मोजली, सात वर्षांची गॅरंटी बोलला आणि एक आकडा सांगितला. तो ऐकून मला माझ्याच टेबलावर माझीच फाइल दिसली.

शेवटी आईनं गवंडीमामांना बोलावलं. तिच्या माहेरच्या गावचे, सत्तरीचे, टोपी, कानावर पेन्सिल. त्यांनी जिल्ह्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. जास्त वेळ माझ्याकडंच.

"उन्हाळ्यात ओल असती का?"

"नाही."

"मग नळाची पाइप न्हाई. पावसाचंच हाय."

मला वाटलं आता ते ओलीच्या बरोबर वरची जागा फोडायला काढतील. मी तशी खडूनं खूण करून ठेवली होती. मामांनी ती पायानं पुसली. "सायेब, पाणी लई चोर असतंय. घुसतंय बिंदू चौकात आन् निघतंय रंकाळ्यावर. तुमी रंकाळ्यावर नाकाबंदी करून काय उपयोग?"

मग हातोडी घेऊन त्यांनी अख्खी गच्ची वाजवत नेली. डॉक्टर पाठ वाजवून बघतो तशी. टणटण आवाज आला की कोबा धरून आहे, बद्द आला की खालून सुटलाय. मी मागं मागं कान देऊन. मधला सगळा भाग टणटण. पश्चिमेच्या कठड्याशी आलो आणि हातोडी बद्द बोलली. तिथं कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यातला वाटा, म्हणजे कोपरा बुजवणारी सिमेंटची पट्टी, तडकला होता आणि तडकेतून वीतभर पिंपळ वर आला होता, चांगला तजेलदार. कावळ्याची कृपा. आईनं वर्षभर त्याला पाणी घातलं होतं. पिंपळ आहे, कसा उपटायचा?

"आता पाणी भरून बघायचं," मामा म्हणाले. "पाइपच्या तोंडात गोणपाटाचा बोळा घाला, दोन इंच पाणी सोडा आन् खाली ओलीच्या कडंनं पेन्सिलीनं रेघ मारा. रेघ वलांडली की कळतंय."

बायकोनं आधीच सांगून ठेवलं, "टाकी रिकामी झाली तर आंघोळी गच्चीतच करायच्या. मी खालनं बादल्या आणणार न्हाई." मुलानं शिडीवर चढून सीमा आखली. चंदगडच्या बाजूला पोपडा पडल्यामुळं थोडा सीमावाद झाला. मी बोळा घेऊन वर गेलो. मामांनी पाइप सोडला होता. मी बोळा घालायला वाकलो तर मामांनी हात धरला.

"थांबा की. बोळा कशाला? पाणी जातंयच कुठं?"

खरंच. पाणी कोपऱ्यात आलं, तोंडाभोवती गोल फिरलं आणि उभं राहिलं. नऊ वर्षं माझ्या गच्चीला बोळा घातलेलाच होता.

रात्रभर दोन इंच पाणी ठेवलं. रेघ कोरडी. मामांनी आणखी पाणी सोडून घोट्याला लावलं, तेव्हा ते तडकलेल्या वाट्यापर्यंत चढलं. पहाटेला भुदरगडनं रेघ ओलांडली. म्हणजे स्लॅब बिचारा निर्दोष. पाणी तुंबायचं, वर चढायचं, तडकेतून आत शिरायचं आणि चार हात चालून आत्याच्या कपाळावर उतरायचं.

आता तोंड मोकळं करायचं. मामांचा हात मोठा, मुलाचा हात आई घालू देईना. राहिला माझा.

चार इंची पाइप. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा बोटांना काहीतरी गिळगिळीत लागलं, ओल्या घोंगडीसारखं. धरून ओढलं तर लाल-काळ्या रंगाचा लगदा बाहेर आला. त्यात मिरच्यांची देठं, हजारो देठं. कुजलेली, अर्धी कुजलेली आणि परवाची ताजी हिरवट. त्यांच्या जोडीला बी, कुरडईची चुरी, कपड्यांचे तीन चिमटे. बायका गच्चीत बसून देठं खुडतात, शेवटी झाडून कचरा कोपऱ्यात लोटतात आणि उतार त्याच कोपऱ्याला. आमच्या पाइपमध्ये चटणीचा इतिहास थरांनी साचला होता.

पहिली दोन मिनिटं काही वाटलं नाही. मग नखांच्या खाली चुणचुण सुरू झाली. मग मनगटापर्यंत आग. ऊन चढलेलं, कपाळावरून घाम डोळ्याकडं निघाला आणि मी तो पुसला. कुठल्या हातानं, ते सांगायला नको.

मी जे ओरडलो ते ऐकून समोरच्या गच्चीतली कबुतरं उडाली. "पाणी! पाणी!" मी घोटाभर पाण्यात उभा राहून ओरडत होतो. बायकोनं तांब्यानं डोळ्यावर स्वच्छ पाण्याचा मारा केला. खालून आईचा आवाज, "हाताला तेल लाव, तेल! आन् लगदा टाकू नको, कुठली मिरची हाय बघू दे!"

तेवढ्यात पाइपच्या पोटात गडगड झाली. मामा म्हणाले, "सुटलं!" आणि नऊ वर्षांचा तुंबारा गल्लीत उतरला. लालभडक नव्हता, पण रंग ओळखीचा होता. खाली एक मोटारसायकलवाला पाय टेकून थांबला. एका डोळ्यानं मी कठड्यावरून बघतोय हे बघून त्यानं आवाज दिला, "काय मालक, आज तांबडा सोडलासा व्हय? पांढरा कधी?"

पुढचं काम आठ दिवसांचं. पिंपळ मामांनी मुळासकट काढला, आईनं तो कुंडीत लावून देवळाच्या पारावर पाठवला. जुना वाटा फोडून नवा गोलाईत बांधला. सळ्या तारेच्या ब्रशनं घासल्या, गंजरोधक रंग दिला, वर गिलावा. "सळी गंजली की फुगती," मामा सांगत होते, "आन् फुगली की काँक्रीटला ढकलून देती. तुमी अजून दोन पावसाळे जिल्हा बघत बसला असता तर राज्य खाली आलं असतं." सगळ्या कामाला माझा पंधरा दिवसांचा पगार गेला. पाइपच्या तोंडावर बसवलेली लोखंडी जाळी नव्वद रुपयांना आली. नव्वद. मी ती पावती पाकिटात ठेवली आहे आणि अधूनमधून काढून बघतो.

दोष कुणाचा यावर घरात चर्चा झाली, पण लांबली नाही. आई म्हणाली, "देठं माझी, कबूल. पर पाइप तुझ्या बापाच्या नावावर हाय." आता मिरची वर जायच्या आधी मी गच्ची झाडायची, जाळी काढून धुवायची आणि एक बादली ओतून पाणी गडप होताना आईला दाखवायचं, असं ठरलंय. पुन्हा मृगाच्या आदल्या दिवशी तेच.

जुलैत धुवाधार पडला. पंचगंगेनं इशारा पातळी गाठली, आमची बादली मात्र मोरीत उलटी पडून होती. छत पांढरंशुभ्र. उलट जरा चुकल्यासारखं व्हायचं, उताणं पडलं की बघायला काही नाही. आत्या मुद्दाम राहायला आली, माजघरातच झोपली, सकाळी उठून कपाळ चाचपून बघितलं.

परवा जेवताना मुलगा घास हातात धरून पूर्वेच्या कोपऱ्याकडं बघत राहिला. तो आता नववीत आहे, ओरडत नाही. मी वर बघितलं. रुपयाएवढं काहीतरी. बायकोनं बघितलं. कुणी बोलेना. आईनं चष्मा लावला, मान वाकडी करून नीट न्याहाळलं आणि भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली,

"ही काय रं, सांगली म्हणायची का?"