वीसचा आकडा आणि आपले शेठ लोक

आमच्या ठाण्याच्या शाळेच्या ग्रुपवर सध्या लेबर कोडशिवाय, म्हणजे नव्या कामगार कायद्यांशिवाय, दुसरा विषय नाही. चार-पाच जण धंद्यातले आहेत, कुणाचं वागळे इस्टेटला मशीन शॉप, कुणाचं रबाळ्याला पॅकिंगचं युनिट, एकीचं घोडबंदर रोडला डेंटल क्लिनिक. 21 नोव्हेंबर 2025 ला 29 जुने कायदे जाऊन चार कोड लागू झाले तेव्हापासून अर्धे म्हणतायत मालक मेला आणि अर्धे म्हणतायत आता मालकाचंच राज्य. मी जर्मनीत स्टुटगार्टजवळ एका छोट्या कंपनीत पगाराचं काम बघते, म्हणून मधूनच कुणीतरी विचारतं, तुमच्याकडे कसं गं?

सगळ्यात जास्त अंगठे मिळालेला मेसेज होता, "महाराष्ट्रात आता वीस माणसांपर्यंत काही लागत नाही, टेन्शन घेऊ नका." हे अर्धवट आहे आणि महागात पडणारं आहे. 2025 मध्ये राज्याने 10 माणसांची मर्यादा 20 वर नेली आणि दिवसाचे तास 9 वरून 10 केले, पण ते दुकानं-आस्थापना कायद्यापुरतं. ईएसआयला, म्हणजे आजारपण, अपघात आणि बाळंतपणासाठीच्या कामगारांच्या सरकारी विम्याला, दहाच. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती, तीही दहालाच. किमान वेतनाला तर आकडाच नाही, पहिल्या माणसापासून लागू. आणि माणूस सोडून गेला किंवा काढला की दोन कामाच्या दिवसांत त्याचा पगार चुकता करायचा. आपल्याकडे "पुढच्या महिन्यात बघू रे" हे वर्षभर चालतं, म्हणून हे कुणी सिरियसली घेत नाही.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. आपले शेठ लोक ईएसआयच्या ज्या नोंदणीपासून पळतात ना, तीच खरं तर त्यांचा स्वतःचा विमा आहे. हिशेब करून बघा. महिना 15 हजार पगारावर ईएसआयचा मालकाचा वाटा 3.25 टक्के, म्हणजे 487 रुपये 50 पैसे. आता ईएसआयच्या बाहेरच्या ठिकाणी 30 वर्षांचा कामगार कामावर असताना दगावला, तर भरपाईचं सूत्र आहे निम्मा पगार गुणिले 207.98, म्हणजे त्याच 15 हजारावर साडेपंधरा लाखांच्या वर, आणि ते मालकाने भरायचे. दहा किंवा जास्त माणसं असून कागदावर नऊच दाखवली असतील तर सुटका तरीही नाही, ईएसआय कामगाराला देईल आणि मालकाकडून वसूल करेल.

बाळंतपणाच्या रजेचं तर अजून गंमतीदार आहे. "लग्न झालेली मुलगी नको, 26 आठवडे कोण भरणार" असं ग्रुपवर बायकाही लिहितात, हे वाचून मला खरंच राग येतो. पण पगार 21 हजारांच्या आत आणि ईएसआय चालू असेल तर ते पैसे ईएसआय देतं, मालक नाही. त्याच्या वर पगार गेला की मात्र सगळा भार एकट्या मालकावर, आणि इथे माझं मत आहे की मालकांची तक्रार रास्त आहे. जर्मनीत यासाठी सगळ्या कंपन्यांकडून एक छोटी वर्गणी घेतात, अगदी सगळे पुरुषच असलेल्या कंपनीकडूनही, आणि मालकाला बाळंतपणापायी जे भरावं लागतं ते शंभर टक्के परत मिळतं. आजारपणाची रजा सहा आठवडे भरपगारी, पण 30 पर्यंत माणसं असलेल्या कंपनीला त्यातलाही मोठा हिस्सा अशाच फंडातून परत येतो. म्हणजे या खर्चांत छोट्याला कायद्यातून सूट देत नाहीत, त्याचं ओझं वाटून घेतात. आपल्याकडे सूट देतात आणि मग तो आयुष्यभर नऊ किंवा एकोणीसवर अडकून बसतो, धंदा वाढला तरी.

इथे स्वर्ग आहे असं नाही हं. मालकाचा सोशल सिक्युरिटीचा वाटाच पगाराच्या साधारण 21 टक्के जातो, आणि माणूस काढायचा तर कागदावर शाईची सही लागते, ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवर काढलेला माणूस कायद्याने काढलेलाच नसतो. गंमत म्हणजे इथेही दहाचा आकडा आहेच, दहापर्यंत माणसं असलेल्या कंपनीला नोकरीच्या संरक्षणाचा मुख्य कायदा लागत नाही, नोटीस देऊन काढू शकतात. पण पगाराची स्लिप आणि विम्याची नोंदणी कुठल्याच कंपनीला टाळता येत नाही, अर्धवेळ कामाला येणाऱ्या बाईचीसुद्धा.

वागळेवाला म्हणतो, "ईएसआयच्या दवाखान्यात जातं कोण? पैसे पाण्यात." दवाखान्याबद्दल भांडा, जरूर भांडा, पण अपघाताची भरपाई आणि बाळंतपणाचे पैसे हे त्या रांगेशिवाय वेगळे मिळतात हे आधी समजून घे बाबा. आणि रबाळेवाल्याचं ते आवडतं उत्तर, "माणसं माझी नाहीतच, कॉन्ट्रॅक्टरची आहेत." कॉन्ट्रॅक्टर पगार बुडवून पळाला की तो पगार मूळ मालकालाच द्यावा लागतो, हे जुन्या कायद्यातही होतं आणि नव्यातही आहे. निदान दर महिन्याला त्याच्याकडून पीएफ-ईएसआयची चलनं मागून बघा, चहा पाजून "सगळं ओके ना?" विचारण्यापेक्षा.

क्लिनिकवाली म्हणाली, माझ्याकडे सातच जणी, मला काय? तर तिच्यासाठी: सगळ्यांना अपॉइंटमेंट लेटर लगेच दे. छळाची तक्रार आली तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, हे मुलींना सांगून ठेव. आणि दहाच्या आत असलीस तरी तू आणि तुझ्याकडच्या बहुतेक जणी तयार असाल तर नव्या कोडमध्ये ईएसआय स्वतःहून घेता येतं, रविवारी तुझ्या सीएला फोन कर.