‘सकाळी या, संध्याकाळी पक्के दात’: त्या मेसेजमधला एकेक दावा

धान निघाले, हातात चार पैसे आले, की आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी-नागभीड पट्ट्यात लोक वर्षभर मागे टाकलेले दातांचे काम काढतात. नेमका याच हंगामात एक मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतो आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा: ‘डिजिटल इम्प्लांटमध्ये कॉम्प्युटर स्वतः दात बसवतो, त्यामुळे चूक होणे अशक्य. सकाळी या, संध्याकाळी पक्के दात घेऊन जा. शुगर असो की खर्रा, काही अडत नाही. स्कॅनमध्ये रेडिएशन शून्य. गावातल्या डॉक्टरकडे ही सोय नसते, म्हणून गावात इम्प्लांट करूच नका.’

इम्प्लांट म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर दाताची कॅप चढते. मी याच भागात दातांचा दवाखाना चालवते. डिजिटल तंत्र मी रोज वापरते आणि ते आल्यामुळे माझे काम नक्कीच सुधारले आहे. म्हणूनच त्याच्या नावावर खोटे खपवले जाते तेव्हा राग येतो. हा मेसेज वाचून लोक पैसे मोजतात आणि जबड्याला भोक पाडून घेतात, तेव्हा उत्तर देणे भाग आहे.

‘कॉम्प्युटर स्वतः दात बसवतो.’

याचे मूळ एका खऱ्या बातमीत असावे. २०१७ साली चीनमधल्या शिआन शहरात रोबोटने एका बाईच्या तोंडात दोन इम्प्लांट बसवले होते, डॉक्टर बाजूला उभे राहून लक्ष ठेवत होते. आपल्याकडच्या दवाखान्यांत ‘डिजिटल’ म्हणतात ते सहसा हे नसते. आधी जबड्याचा सीबीसीटी स्कॅन, म्हणजे थ्रीडी एक्स-रे, काढतात. त्यात हाडाची उंची, रुंदी आणि खालच्या जबड्यातून जाणारी नस सगळ्या बाजूंनी दिसते. दात आणि हिरडीचे माप तोंडात फिरवायच्या स्कॅनरने किंवा पुट्टीने, म्हणजे मापाच्या मसाल्याने, घेतात. ही दोन्ही चित्रे स्क्रीनवर एकावर एक बसवून इम्प्लांट कुठे, किती लांबीचा, कोणत्या कोनात, हे ठरते. त्यानुसार थ्रीडी प्रिंटरवर एक पट्टी छापून येते, तिला गाइड म्हणतात. ती दातांवर घट्ट बसते आणि तिच्या भोकातून ड्रिल आत जाते. ड्रिल धरणारा हात मात्र डॉक्टरचाच. सॉफ्टवेअरने नसेची रेघ आखून दिली तरी ती मी स्कॅनच्या प्रत्येक कापात स्वतः तपासते, कारण हाड विरळ असले की ती रेघ भलतीकडे जाते.

‘चूक होणे अशक्य.’

गाइड वापरून बसवलेल्या इम्प्लांटवर बरेच अभ्यास झाले आहेत. ठरवलेली जागा आणि प्रत्यक्ष जागा यांत सरासरी सव्वा मिलिमीटरच्या आसपास फरक येतो, टोकाशी थोडा जास्त, आणि कोनात साडेतीन अंशांच्या आसपास. नुसत्या हाताने केले तर फरक साधारणपणे याहून अधिक येतो, म्हणून गाइड मोलाचा आहे. पण ही सरासरी आहे, शून्य नव्हे. म्हणूनच नसेपासून २ मिलिमीटर दूर राहायचे, हा जुना नियम डिजिटल कामातही मोडत नाहीत.

चूक शिरायला जागा पुष्कळ असतात. स्कॅनच्या वेळी पेशंट हलला, तोंडातल्या जुन्या धातूच्या कॅपमुळे चित्रात पांढऱ्या रेघा आल्या, पट्टी एका कोपऱ्यात किंचित उचलली गेली. सगळे दात पडलेल्या तोंडात तर स्कॅनरला धरायला खूणच सापडत नाही, हिरडी सगळीकडे सारखी दिसते. तिथे मी अजूनही मापाचा मसालाच वापरते. आणखी एक गोष्ट पेशंटला कोणी सांगत नाही. ड्रिल फिरताना हाड तापते आणि ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर जरी राहिले तरी त्याला इजा होते. त्यासाठी थंड सलाइनची धार सोडायची असते. गाइडची पट्टी नेमकी तीच धार अडवते. म्हणून पट्टी लावली की अधिक सावकाश, थांबत थांबत, ड्रिल वर घेऊन पाणी आत जाऊ देत काम करावे लागते. घाई केली तर जागा अगदी बरोबर, पण हाड भाजलेले.

‘सकाळी या, संध्याकाळी पक्के दात.’

टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनच्या ब्रॅनेमार्क यांनी दाखवले आणि १९६५ साली पहिल्या माणसात असे इम्प्लांट बसवले. तेव्हा काही महिने थांबत. आज इम्प्लांटचा पृष्ठभाग सुधारला आहे, मुदत कमी झाली आहे, पण थांबणे संपलेले नाही. पहिल्या दिवशी इम्प्लांट फक्त आट्यांच्या जोरावर धरलेला असतो. पुढच्या काही आठवड्यांत जुने हाड थोडे विरघळते, नवे तयार व्हायचे असते, आणि मधल्या काळात पकड उलट कमी होते. हाड चांगले असेल आणि इम्प्लांट पुरेसा घट्ट बसला असेल तर त्याच दिवशी तात्पुरता दात लावता येतो. तोही चावताना समोरच्या दाताला लागणार नाही असा. पक्की कॅप नंतरच. हाड किती दिवसांत भरावे, हे प्रिंटरच्या वेगावर ठरत नाही.

‘शुगर असो की खर्रा.’

या वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान होते आहे. आमच्याकडे पन्नीत घोटलेला खर्रा दुसरी-तिसरीतल्या पोरापासून सत्तरीतल्या आजोबांपर्यंत चालतो. तंबाखू, चुना आणि सुपारी. या सुपारीमुळे गालाची आतली कातडी हळूहळू पांढरी, कडक होते, दोरीसारखे पट्टे हाताला लागतात आणि तोंड उघडणे कमी होत जाते. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटे उभी मावतात. अशा पेशंटच्या तोंडात दोन मावत नाहीत. गाइडमधून जाणारे ड्रिल नेहमीपेक्षा साधारण सेंटिमीटरभर लांब असते. वरून हँडपीसचे, म्हणजे ड्रिल फिरवणाऱ्या यंत्राचे, डोके. मागच्या दाढेच्या जागी ते उभे धरायला जागाच उरत नाही. म्हणजे ज्या तंत्राचे नाव घेऊन ‘खर्रा चालतो’ म्हणतात, ते तंत्रच खर्ऱ्याच्या तोंडात आधी अडते.

परवा असाच एक तरुण शेतकरी आला. खालची दाढ गेलेली, स्कॅन काढून आणलेला, हाड उत्तम. बोटाने गाल चाचपला तर आत कडक पट्टे, मागे एक पांढरा डाग. मी इम्प्लांटचा विषय बाजूला ठेवून डागाच्या तपासणीची चिठ्ठी लिहायला घेतली, तर तो म्हणाला, “मॅडम, मशीन करते ना जी, मंग तुमी काहून थांबा म्हणता?” स्कॅनमध्ये हाड दिसते. गालाचा रंग दिसत नाही, कडकपणा कळत नाही. सुपारी कर्करोगकारक आहे, आणि अशा तोंडातला प्रत्येक डाग आधी तपासायचा असतो. दाढ नंतर बसेल.

बिडी-सिगारेटने इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. शुगरचे म्हणाल तर ती असली म्हणून इम्प्लांट होत नाही असे नाही. ताब्यात हवी. मी तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, म्हणजे एचबीए१सी, मागते आणि ती ८ च्या वर असेल तर आधी शुगरच्या डॉक्टरकडे पाठवते. हाडे ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा इंजेक्शन घेणाऱ्या आजींनी तर ते सांगितलेच पाहिजे. अशा काही इंजेक्शनांनंतर क्वचित जबड्याची जखम भरत नाही, हाड उघडे पडते.

‘रेडिएशन शून्य.’

तोंडात फिरवायचा स्कॅनर कॅमेऱ्यासारखा असतो, त्यात खरेच रेडिएशन नसते. सीबीसीटी मात्र एक्स-रेच आहे. त्याचा डोस मशीन आणि स्कॅनच्या आकारानुसार काही दहांपासून काहीशे मायक्रोसिव्हर्टपर्यंत (हे रेडिएशन मोजायचे माप). जगात माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी २,४०० मिळतो. घाबरण्यासारखे नाही, पण कारण नसताना काढू नये. गरोदर असाल तर आधी सांगा.

‘गावात करूच नका.’

सीबीसीटी मशीन प्रत्येक तालुक्याला नाही, हे खरे. त्यासाठी चंद्रपूर किंवा नागपूरला एकदा जावे लागते. पण पुढचे सगळे फाइलवर चालते. माझ्याकडे घेतलेले पुट्टीचे माप लॅबमध्ये स्कॅन होते, नियोजन फोनवर आणि स्क्रीनवर लॅबच्या माणसाबरोबर बसून होते आणि तयार गाइड कुरिअरने येतो. हाड फारच कमी असेल, तर मी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा वर्ध्याजवळ सावंगीच्या दंत महाविद्यालयात पाठवते. ते गाव-शहर म्हणून नव्हे, केस अवघड म्हणून.

उलट दूर जाऊन करून आलेल्यांचा एक प्रश्न मला वारंवार दिसतो. दोन-चार वर्षांनी कॅप हलायला लागते. आतला स्क्रू सैल झालेला असतो, काम तसे सोपे. पण कोणत्या कंपनीचा इम्प्लांट आहे हे पेशंटला माहीत नसते, केला तो दवाखाना फोन उचलत नाही, आणि प्रत्येक कंपनीचा पेचकस वेगळा. इम्प्लांटच्या डबीवर एक स्टिकर असते, त्यावर कंपनीचे नाव, जाडी, लांबी आणि बॅच नंबर छापलेला असतो. कुठेही करा, ते स्टिकर आपल्या फाइलमध्ये चिकटवून मागा, आणि स्कॅनची फाइलही पेनड्राइव्हवर घ्या.