चालता संगणक मोडीत काढण्याची योग्य रीत

तुमचा संगणक झकास चालतो, हे सध्या कुणापाशी बोलू नका. त्याने काही सिद्ध होत नाही. विंडोज ११ ला हवं असतं ते मायक्रोसॉफ्टच्या मान्य प्रोसेसरांच्या यादीत नाव. इंटेलचा प्रोसेसर असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा, एएमडीचा असेल तर साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढचा. त्याआधीचं सगळं, कितीही धडधाकट असलं तरी, कैलासवासी समजावं.

यादी एकदा डोळ्यांखालून घालाच. कोअर आय७-७७००के: चार कोअर, आठ थ्रेड, ४.२ गिगाहर्ट्झ. नापास. सेलेरॉन एन४०२०: दोन कोअर, १.१ गिगाहर्ट्झ, ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की धापा टाकणारा. पास! सातव्या पिढीतल्या मोजक्यांना मात्र अभय मिळालं. त्यात आय७-७८२०एचक्यू आहे, जो मायक्रोसॉफ्टच्याच सरफेस स्टुडिओ २ मध्ये होता. योगायोग म्हणा आणि पुढे चला.

कारण विचारलंत तर ‘सुरक्षा’ असं उत्तर येईल, आणि पंचाईत अशी की ते निम्मं खरं आहे. मेमरी इंटिग्रिटी ही विंडोजची सुरक्षा-सोय चालू असली की कर्नलमध्ये (विंडोजच्या गाभ्यात) शिरणारा कोड आधी हायपरवायझरच्या (गाभ्याच्याही खालून नजर ठेवणाऱ्या थराच्या) पहाऱ्यात तपासला जातो. हे काम स्वस्तात करायला प्रोसेसरमध्ये एमबीईसी नावाची सोय लागते. नसेल तर तीच कसरत सॉफ्टवेअरला करावी लागते आणि वेग घसरतो. ही सोय इंटेलच्या सातव्या पिढीत आहे, म्हणजे नापास झालेल्यांत. एएमडीकडे तिचा भाऊबंद झेन २ या प्रोसेसर-रचनेपासून आला, म्हणजे पास झालेल्या रायझन २००० मध्ये नाही. ही दोन वाक्यं एकापाठोपाठ वाचू नयेत.

बायोसमध्ये (संगणक सुरू होताना विंडोजच्या आधी जागा होणाऱ्या प्रोग्रामात) तर डोकावूच नका. ‘टीपीएम २.० (विंडोज ११ मागतं ती गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षा-सोय) नाही’ असा शेरा मिळालेल्या कितीतरी मशीनमध्ये ते असतं, नुसतं बंद असतं: इंटेलच्या बोर्डावर पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने. तिथेच सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) दिसेल. उत्साहाच्या भरात सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सोय) बंद करून ते चालू करा, म्हणजे एमबीआर या जुन्या विभागणी-पद्धतीची डिस्क बूटच होणार नाही आणि संगणक मेला याची तुमची खात्री पटेल. शहाणी माणसं आधी बॅकअप घेतात, बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) स्थगित करतात, विंडोजमधल्याच एमबीआर-टू-जीपीटी या आज्ञेने डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलतात आणि मगच बायोसला हात लावतात. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ही आज्ञा नकार देते. तुम्हाला शहाणं व्हायचं नाहीये, हे गृहीत धरतो.

रुफस या प्रोग्रामने बनवलेल्या पेन ड्राइव्हवरून विंडोज ११ चढवताना होणाऱ्या तपासणीला बगल देता येते, अशी कुजबुज कानावर येईल. येते बगल देता. फक्त अशा मशीनला अपडेटचा हक्क नाही, असं कंपनीने बजावलेलं आहे, आणि वर्षाची मोठी आवृत्ती सहसा आपण होऊन येत नाही. दरवेळी हाताने चढवावी लागते. कोअर २ ड्युओ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरवाल्यांनी तर हा नाद सोडावा. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीला प्रोसेसरमधली पॉपकाउंट ही सूचना लागते. एखाद्या संख्येच्या बिटांत १ किती, एवढंच ती मोजते. इंटेलने ती २००८ च्या नेहेलम प्रोसेसरांमध्ये आणली, कोअर २ मध्ये ती नाही. बगल देऊन इन्स्टॉलर गप्प बसतो; सिलिकॉनमध्ये नसलेली सूचना उगवत नाही. मशीन बूट होताना तिथेच अडकतं. इथे रजिस्ट्रीला (विंडोजच्या सेटिंगांच्या वहीला) नवस बोलून पाहायला हरकत नाही.

विंडोज १० च्या अपडेटची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, तेव्हा विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सचा विषय कुणीतरी काढणारच. ऐकू नका. तिथेही जुन्यांना निरोप देतात: इंटेलच्या १९८५ च्या ३८६ प्रोसेसरला लिनक्सच्या कर्नलने २०१३ च्या ३.८ आवृत्तीत बाहेर काढलं, अवघ्या २७ वर्षांत! रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १० ला तर एव्हीएक्स२ (प्रोसेसरमधल्या सूचनांचा एक संच) लागतं, जे इंटेलने २०१३ च्या हॅसवेल प्रोसेसरांमध्ये दिलं. आय७-७७००के मध्ये तेही आहे, त्यामुळे तो बिचारा तिथे निमूट चालत राहील आणि नवा लॅपटॉप घ्यायला तुमच्याकडे सबबच उरणार नाही.