टॉवरग्रस्त व्हायचंय? आधी भाड्याची चौकशी करा

मोबाईल टॉवरच्या लहरींचा त्रास व्हायला लहरी लागतात, असा तुमचा समज असेल तर तो आधी काढून टाका. लागतो तो टॉवर, आणि तोही डोळ्यांना दिसणारा. जुळे सोलापुरात राहत असाल तर गच्चीवर चादर वाळत घालताना मान वर करा, एखादा सापडेलच. मात्र त्याचं भाडं शेजाऱ्याला मिळत असलं पाहिजे. स्वतःच्या गच्चीवरच्या टॉवरनं मालकाचं डोकं दुखल्याचं निदान माझ्या तरी कानावर नाही. तोच टॉवर समोरच्या गच्चीवर चढला की पहिलं भाडं जमा व्हायच्या आत अख्ख्या गल्लीची झोप उडते. "काका, त्यो टॉवर बसल्यापासनं डोकं लय दुखतंय ओ," एवढं वाक्य कट्ट्यावर सोडून द्या. संध्याकाळपर्यंत चारपाच डोकी दुखायला लागतात.

लक्षणं ठरलेली आहेत: झोप न लागणं, थकवा, छातीत धडधड, अंगाची आग. आता मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो, रात्री लाईट जाते, पंखा थांबतो. उजनी भरलेली असली तरी नळाला पाणी काही दिवसांआड, आणि ते अवेळी येणार म्हणून मोटारीपाशी जागरण. यानं का कुणाची झोप उडते? पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात बारा तास उभ्या राहणाऱ्या कामगारालाही थकवा टॉवरमुळेच येतो, हे त्याला पटवता आलं तर पाहा. कारखानदार तुमचे उपकार जन्मात विसरणार नाही.

डॉक्टरकडे मात्र चुकूनही जाऊ नका. तो बीपी बघेल, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगेल, घरात काही ताण आहे का विचारेल. एखाद्या वेळी कारण सापडेल, गोळी लागू पडेल, आणि मग मोर्चात पुढं कोण चालणार? जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ सालीच सांगून ठेवलंय की या लोकांचा त्रास खरा असतो, काहींना तर तो पार अंथरुणाला खिळवतो. पण तो विद्युतचुंबकीय लहरींमुळे होतो याला शास्त्रीय आधार नाही. यातलं 'पण'च्या आधीचं तेवढं पत्रकात छापा. (आपल्यात म्हणून सांगतो, त्या दुखणाऱ्या माणसाची खरी फसवणूक इथंच होते. त्याला उपचार हवे असतात आणि आपण त्याच्या हातात फलक देतो.)

आकडे सांगणारा एखादा इंजिनिअर गल्लीत असतोच. तो म्हणेल, भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश केलीय; १८०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागं ०.९२ वॅट. आणि सात रस्ता चौकात भर दुपारी टोपी न घालता उभं राहिलात तर ऊन चौरस मीटरमागं हजार वॅटच्या आसपास अंगावर घेता. शिवाय उजेडाच्या एका कणात मोबाईलच्या लहरीच्या कणापेक्षा लाखाहून अधिक पट ऊर्जा असते, तेव्हा भ्यायचंच तर ट्यूबलाइटला भ्या. यावर वाद घालायचा नाही. "तुम्हाला कंपनीनं किती दिले?" एवढंच विचारायचं.

कॅन्सरचा मुद्दा काढायचा तर जपून. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०११ साली या लहरींना '२ बी' गटात टाकलं, म्हणजे 'कदाचित'. हे जरूर सांगा. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, हे कशाला सांगायचं? तंबाखू तर थेट पहिल्या गटात, जिथं 'कदाचित' नाही. म्हणून बैठकीत विड्या ओढणाऱ्यांना दाराबाहेर बसवा. आपल्या गावात विडीवर पोट असलेली हजारो घरं आहेत. उगाच विषय भलतीकडं जायचा.

संरक्षणाची सोय बाजारात आहेच. फोनला चिकटवायचे स्टिकर मिळतात, गळ्यात घालायची पदकं मिळतात. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी शेणाची चिपसुद्धा पत्रकारांना दाखवली होती. घ्या, लावा. स्टिकरनं खरोखरच लहर अडली तर फोनला टॉवर सापडत नाही आणि तो जास्त ताकद लावून ओरडायला लागतो, तुमच्याच कानाशी. टॉवर हटवल्यावरही हेच होतं. लांबचा टॉवर गाठायला खिशातला फोन जोर वाढवतो. म्हणजे आंदोलन जिंकलात की डोक्याजवळच्या लहरी वाढल्या, त्रासाला आयतं नवं कारण मिळालं आणि समिती बरखास्त करायची गरज उरली नाही. इतकी सोयीची चळवळ दुसरी नाही.

धोका एकाच गोष्टीचा आहे: परीक्षेचा. लंडनमध्ये १४७ लोकांवर प्रयोग झाला, २०१३ साली तो छापून आला. काहींना वायफायच्या धोक्यावरची फिल्म दाखवली, मग सगळ्यांना पंधरा मिनिटं 'वायफाय' दिलं. निम्म्याहून जास्त लोकांनी त्रास झाल्याचं सांगितलं, दोघं तर मधेच उठून गेले. वायफाय नव्हतंच. लहरी चालू की बंद हे न सांगता घेतलेल्या चाचण्याही डझनांनी झाल्या. आपल्याला लहर कळते म्हणणाऱ्यांना ती इतरांपेक्षा जास्त काही ओळखता आली नाही. जोहान्सबर्गच्या क्रेगाव्हॉन भागात तर लोक पुरळ, डोकेदुखी, मळमळ घेऊन टॉवरविरुद्ध उभे राहिले, आणि जानेवारी २०१० मध्ये बाहेर आलं की नोव्हेंबरातल्या बैठकीत लोक त्रास सांगत होते, त्याच्या सहा आठवडे आधीच कंपनीनं टॉवर बंद केला होता. असला बेसावधपणा आपल्याला परवडणारा नाही.

तेव्हा पुण्यात शिकणारा कुणाचा तरी पोरगा दिवाळीला येईल आणि म्हणेल, "काकू, राऊटरचे दिवे चालूच ठेवतो, आतलं वायफाय मी नाणं उडवून कधी चालू करतो कधी बंद. तुम्ही फक्त डोकं कधी दुखतं ते वहीत लिहा. वीसेक वेळा करून बघू की." पोरगं हुशार आहे, त्याचं तोंडभर कौतुक करा. कडक भाकरीचा डबा आणि पाव किलो शेंगाचटणी बांधून द्या, आणि त्याच्या गाडीच्या वेळेची आठवण करून द्या.