दोन टक्क्यांचं कर्ज खरंच दोन टक्क्यांचं असतं का?

दुसरा देश कारखान्याची यंत्रं घ्यायला स्वस्त व्याजाने देतो, त्या कर्जाचा विषय मास्तरांनी थेट भिलाईच्या पोलाद कारखान्यापासून काढला. "१९५५ चा सोव्हिएत करार. अडीच टक्के व्याज, बारा वर्षांत फेड. एवढ्या स्वस्त पैशाला नाकं का मुरडायची?"

"तो हप्ता रुपयांत होता, मास्तर," ताई म्हणाली. "त्या रुपयांतून सोव्हिएत संघ आपलाच माल घ्यायचा. डॉलर जमवायची कटकट नव्हती. आता कर्ज येन, युरो नाहीतर डॉलरमध्ये असतं. देशाचं चलन वर्षाला पाच टक्के घसरलं, की दोन टक्क्यांचं व्याज सातच्या घरात जातं. इंडोनेशियात १९९७ च्या मध्याला एक डॉलर साधारण २,४०० रुपियांना होता, १९९८ च्या जानेवारीत दहा हजारांच्या वर. ज्याची विक्री रुपियांत आणि हप्ता डॉलरमध्ये, त्याने करायचं काय?"

"म्हणून निर्यात करणाऱ्या कारखान्यालाच असं कर्ज द्यावं," अण्णा म्हणाले. "पण मला व्याजापेक्षा अटींची भीती जास्त वाटते. पैसा कारखान्याच्या खात्यात येतच नाही. यंत्र जहाजावर चढलं, की विक्रेता कागदपत्रं दाखवून कर्ज देणाऱ्या बँकेकडून परस्पर पैसे उचलतो. जपानच्या 'स्टेप' नावाच्या सवलतीच्या कर्जात किमान ३० टक्के माल-सेवा जपानी लागतात. आपली एक्झिम बँक, म्हणजे सरकारी निर्यात-आयात बँक, दुसऱ्या देशांना जी कर्जं (क्रेडिट लाइन) देते त्यांत तर साधारण ७५ टक्के भारतीय. बोली लावणारे मोजकेच, मग भाव चढणारच. खुल्या बाजारातलं एक कोटेशन हाताशी नसेल, तर व्याजात वाचलेलं यंत्राच्या किमतीत गेलेलं कळतही नाही."

मास्तर मागे हटले नाहीत. "अहो, बाजारातली बँक तेवढ्या मुदतीचं कर्ज देते का? जुन्या बॉयलरवर कोळसा जाळत बसण्यापेक्षा थोडं महाग यंत्र परवडलं."

"यंत्र चालू झालं तर परवडेल," ताई म्हणाली. "पाया, ट्रान्सफॉर्मर, पाण्याची लाइन यांचा पैसा बहुतेक वेळा स्थानिक चलनात, कारखान्यालाच उभा करावा लागतो. तो अडकला, की खोकी उघड्यावर पडून राहतात. बेअरिंगमधलं ग्रीस सुकतं, पॅनेलमध्ये ओल शिरते. वॉरंटी बहुधा 'माल रवाना झाल्यापासून १८ महिने किंवा चालू झाल्यापासून १२, यातलं जे आधी संपेल ते' अशी. यंत्र फिरायच्या आधीच ती संपते, आणि हप्ते नसलेला सुरुवातीचा काळही सरत आलेला असतो."

घानातल्या कोमेंडा साखर कारखान्याचं नाव अण्णांनीच काढलं. भारताचं साडेतीन कोटी डॉलरचं कर्ज, २०१६ मध्ये उद्घाटन, रोजची गाळप क्षमता १,२५० टन. ऊस मात्र नव्हता. दीडशे दिवसांच्या हंगामाला १,८७,५०० टन ऊस लागतो, म्हणजे हेक्टरी ७० टन धरले तरी जवळपास २,७०० हेक्टर. "लागवड यंत्राच्या ऑर्डरआधी हवी होती. ज्या कर्जात शेतासाठी, पाण्यासाठी पैसाच नाही, ते कारखान्याचं कर्ज म्हणायचं तरी कसं?"

"ती चूक कर्जाची नाही, प्रकल्प अहवालाची," मास्तर म्हणाले.

"अहवाल कोण लिहितो ते बघा ना!" अण्णा म्हणाले. "यंत्र विकणाऱ्यानेच लिहिला, तर त्यात ऊस कमी पडेल असं येईल कसं?"

यावर मास्तर जरा नरमले. "मग सहीआधी नेमकं काय मागायचं?"

"फेडीच्या तारखा सहसा हलत नाहीत," ताई म्हणाली. "पण वॉरंटी विक्रेत्याबरोबरच्या करारात असते, तिथे घासाघीस होते. ती यंत्र चालू झाल्यापासूनच धरायची. दोन वर्षांचे सुटे भाग, दरांसह, कर्जाच्याच रकमेत बसवायचे. आणि यंत्राच्या किमतीतले शेवटचे दहा टक्के, ठरलेलं उत्पादन प्रत्यक्ष निघाल्याशिवाय सोडायचे नाहीत."