नव्या एडिशनला नाक कसं मुरडावं

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन फाशांनी खेळायच्या खेळाचे नियम २०२४ मध्ये पुन्हा बदलले आणि आपल्यासारख्या जुन्या खेळाडूंच्या अंगावर मोठी जबाबदारी येऊन पडली. ती नीट पार पाडावी म्हणून चार गोष्टी.

पहिली म्हणजे नियमांचं नवं पुस्तक वाचू नये. ३८४ पानं आहेत, चुकून एखादं आवडलं तर पंचाईत. गणपतीला मुंबईहून येणारा चाकरमानी मित्र आयतं मत घेऊन येतो, ते वर्षभर पुरतं.

खरी एडिशन एकच, आपण कॉलेजात असताना जी चालू होती ती. २००० साली तिसरी आली तेव्हा थॅकोवाले, म्हणजे दुसरीतला घाव लागण्याचा हिशोब मिरवणारे, रडले होते आणि २००८ मध्ये चौथी आली तेव्हा तिसरीवाले, हे विसरून जावं.

साडेतीनच्या, म्हणजे २००३ मध्ये आलेल्या तिसरीच्या सुधारित एडिशनच्या, ग्रॅपलबद्दल, म्हणजे शत्रूला धरून ठेवायच्या किचकट नियमाबद्दल, अवाक्षर काढू नये.

आपली जुन्या नियमांची स्पायरलची झेरॉक्स टेबलावर ठेवावी. कुडाळच्या पावसाने तिची पानं एकमेकांना चिकटली असली तरी हरकत नाही, ती उघडायची नसतेच.

आता खरा कस लागतो तो नवख्याच्या पाळीला. समजा, टेबलावर एक बारावीतली मुलगी आली आहे. पहिल्या लेव्हलची फायटर, हातात वॉरहॅमर. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, भर समुद्रातल्या किल्ल्याच्या तटावर चाचे आणून उभे केलेत. ती फासा टाकते, घाव लागतो, आणि आपल्या पात्राच्या शीटकडे बघत हळूच विचारते, "मी याला दहा फूट ढकलू शकते ना?" शकते. नव्या नियमांत वॉरहॅमरला पुश आहे. घाव लागला की समोरचा दहा फूट मागे, त्यासाठी वेगळा फासा नाही. आणि तटावरून दहा फूट मागे म्हणजे थेट पाण्यात! अख्ख्या पडवीने ओरडावं अशी खेळी. नेमका इथेच तुम्ही हात वर करायचा. "आमच्या वेळाक असा नव्हता." आमच्या वेळेला बुल रश होता. शत्रूच्या चौकोनात शिरा, शिरताना त्याचा फुकटचा वार खा, मग दोघांनी ताकदीचे फासे टाका, त्यात साइजचं अधिक-उणं करा, एवढं करून जमलं तर पाच फूट, आणि फरक पाचाचा पडला तर आणखी पाच. हे तोंडपाठ सांगायचं. मध्ये चहा येतो, लाइट जाते, लाइट येते, तरी सांगायचं. मग "असे सगळेच ढकलत सुटले तर खेळात राहिलं काय" हा दुसरा अध्याय लावायचा. गेल्या रविवारी आमच्याकडे हा कार्यक्रम सावंतवाडीच्या शेवटच्या एसटीची वेळ होईपर्यंत चालला. चाचा तटावर तसाच उभा. पोरीने शीट दप्तरात घातली, "काका, येते मी" म्हणाली आणि गेली. त्यावर तुम्ही काय म्हणालात? "आजकालच्या पोरांना पेशन्सच नाही."

पेशन्स? तिने दोन तास तुमचं ऐकलं, आणखी किती हवा होता? मीही तिसरीवरच वाढलो. पण माझा फायटर आता दर पाळीला नुसतं "मारतो" म्हणत नाही, कुणाला ढकलतो, कुणाला आडवा पाडतो. हीलिंग पोशन प्यायला अख्खी अॅक्शन, म्हणजे पाळीतली मुख्य खेळी, जात नाही. मला आवडायला लागलंय हे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्या जिल्ह्यात दशावतारी नट लिहिलेल्या संहितेशिवाय रात्रभर उभ्या उभ्या संवाद रचतात, आणि तुम्हाला एक चाचा पाण्यात पाडायला २००३ चं पान लागतं?

तुमची साडेतीन कुणी घरातून उचलून नेलेली नाही. खेळा की शनिवारी, आपापल्यात. ग्रॅपलसकट खेळा. पण दुसऱ्याची पाळी चालू असताना तोंड बंद ठेवायचं. आणि त्या पोरीला येत्या रविवारी ये म्हणून निरोप तुम्हीच द्यायचा. मी देणार नाही.